पाचवा शब्द

चॅम्पियन हवेत होती. अशा वेळी विचार करायला सवड मिळत नाही म्हणतात. तिला भरपूर मिळाली.

पहिला विचार आला, हा तर माझाच डाव. दुसरा आला, आई समोरच बसलीय, आता वर्षभर ऐकवणार. तिसरा यायला हवा होता, तो काही आला नाही. हनुवटी छातीला लाव, तळवा मॅटवर आपट. ज्युडोच्या वर्गात पहिल्या आठवड्यातल्या पोरीलाही हे येतं. पण चॅम्पियनला पडून सात वर्षं झाली होती. पडायचं कसं, हे ती साफ विसरली होती.

आणि टाकणारी कोण? तर गादी.

गादी म्हणजे तिची सरावाची जोडीदारीण. सहा वर्षांनी धाकटी, वजनाने तेवढीच. रोज संध्याकाळी चॅम्पियनने तिला दोनशे वेळा उचलायचं आणि दोनशे वेळा आपटायचं, हा नेम नऊ वर्षं चालला. नाव चॅम्पियननेच ठेवलेलं. तेव्हा ते फारच विनोदी वाटलं होतं. मुलाखतीत कुणी यशाचं रहस्य विचारलं की ती मान किंचित झुकवून म्हणे, "मेहनत." कुणाची, ते कुणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. नम्र होती ना.

सरांनी दोघींनाही पाच शब्द शिकवले होते, बाळाला जोजवावं तशा लयीत. धर, वळ, वाक, टाक, सांभाळ. पाचव्या शब्दाला टाकलेल्या पोरीची बाही सोडायची नाही, ती पडता पडता वर ओढून धरायची. मग तिचं डोकं आपटत नाही. पण गुण मिळतात ते चौथ्या शब्दाला. चॅम्पियन व्यवहारी. पाचवा शब्द तिने कधी गाळला, ते तिलाही आठवत नव्हतं. टाकलं की हात मोकळा, आणि तो मोकळा हात वर करून टाळ्यांकडे बघायचं. सरावात टाळ्या नसत. तरी ती हात वर करी, सवय मोडायला नको म्हणून.

"पाचवं!" सर ओरडत.

"हो सर," ती म्हणे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा हात वर.

यंदा निवड चाचणीला त्यांच्या वजनगटात तिघीच उरल्या. चौथं नाव हवं होतं. "गादीचं घाला," चॅम्पियन म्हणाली, "तेवढाच माझा सराव होईल." गादी शेजारीच उभी होती. ती पट्ट्याची गाठ आवळत राहिली. आता अंतिम फेरीत समोरासमोर दोघीच, आणि संघात जागा एक. चौतिशीतल्या चॅम्पियनची ही शेवटची संधी होती. तिच्या गुडघ्याला ते कधीचं ठाऊक होतं. तिला आज सकाळी कळलं, वजनकाट्यावरून उतरताना भिंत धरावी लागली तेव्हा.

तिने नेहमीसारखी बाही धरली. वळली. पण जिथे गादी असायला हवी, तिथे गादी नव्हती. हा डाव चॅम्पियनने हातांनी शिकला होता, गादीने पाठीने. पाठीचं शिक्षण पक्कं असतं.

धप्प!

पाठ टेकली. पंचाचा हात सरळ वर गेला. पूर्ण गुण. लढत संपली. आजवर तिने कितीजणींना अस्मान दाखवलं होतं. आज स्वतः पाहिलं, तर तिथे पत्र्याखाली एक पंखा, आणि तोही बंद.

डोकं मात्र मॅटपासून वीतभर वरच थांबलं होतं. ती आपल्याच बाहीला लटकलेली होती, आणि बाही गादीच्या मुठीत होती. जिंकलेल्या बाईने हात वर करायचे असतात. गादीला ते सुचलंच नाही.

"ताई, डोक्याला लागलं नाही ना?"

"नाही." मग नऊ वर्षांत कधी न विचारलेलं तिने विचारलं, "तुला लागायचं?"

"रोज," गादी हसली. "पण सुरुवाती-सुरुवातीला. मग मान शिकली."

बाहेर आई पाण्याची बाटली घेऊन उभी होती. "छान झालं हो आजचं," ती म्हणाली. "नाहीतर तुझी लढत बघायला कंटाळाच यायचा. कोण पडणार ते आधीच कळायचं. त्या पोरीचं खरं नाव काय गं?"

चॅम्पियनने तोंड उघडलं. मग तिला निकालाच्या फलकाकडे वळून बघावं लागलं.

सोमवारी संध्याकाळी गादी सरावाला आली आणि सवयीने आपल्या जागी जाऊन उभी राहिली, आपटून घ्यायच्या.

"तिकडे नाही," चॅम्पियन म्हणाली. "तिथे मी. तू इकडे ये. स्पर्धेला सहाच आठवडे उरलेत."

"ताई, दोनशे वेळा? आणि तुझा गुडघा?"

"गादीला कुठे गुडघे असतात गं? धर."

गादीने धरलं. वळली, वाकली, टाकलं. पहिल्या तीस वेळा चॅम्पियन पोत्यासारखी पडली. कोपऱ्यातल्या चिमुरड्या पोरी तोंडावर हात ठेवून खिदळल्या. एकतिसाव्या वेळी तिची हनुवटी आपोआप छातीला लागली, आणि तळव्याचा कसा खणखणीत आवाज आला. तिलाच इतकं बरं वाटलं की तिने पडल्या पडल्या एक हात वर केला.

त्या संध्याकाळी ती मोजून दोनशे वेळा पडली. सरांना एकदाही "पाचवं!" म्हणून ओरडावं लागलं नाही.