माडाच्या शेंड्यावरची तार

"अजून वर, धोंडू! त्या वरच्या झावळीपाशी बांध!" लवू खालून ओरडला.

"आनकी वर म्हंजे देवाच्या घरात!" माडावर चढून नारळ पाडणारा धोंडू पाडेली शेंड्यावरून हसला. "तुमच्या भावाला तितनंच हाक मारू काय?"

लवू लाजला. भाट्याच्या खाडीकाठी त्या माडाइतके उंच झाड दुसरे नव्हते. तारेचे एक टोक माडाला आणि दुसरे आगराच्या टोकाच्या उंडीच्या झाडाला बांधले गेले. मधली पोफळीची रांग ओलांडून एक फाटा खाली आला आणि पडवीच्या खिडकीतून लवूच्या रेडिओत शिरला. संध्याकाळच्या उजेडात तांब्याची ती बारीक रेघ कधी दिसे, कधी दिसत नसे. लवूला ती आपल्या मनासारखी वाटे.

त्याचा थोरला भाऊ सदू मालवाहू आगबोटीवर बिनतारी यंत्र चालवी. त्या पावसाळ्यात त्याची पत्रे थांबली आणि आबांचे अन्न तुटले. आबा, म्हणजे दोघांचे वडील, निवृत्त तारमास्तर भागोजी, पूर्वी खणखणीत आवाजाचे. आता पडवीत भिंतीकडे तोंड करून बसत. त्यांचे हृदय थकले आहे, एखादा धक्का ते सोसणार नाही, असे डॉक्टरांनी लवूला आणि त्याच्या आयेला बाजूला घेऊन सांगितले होते.

मग आश्विनात गुहागरचा एक खलाशी येऊन गेला. आबा आणि लवू तेव्हा हातखंब्याला गेले होते. आयेने त्याला गूळपाणी दिले.

"सदू दुसऱ्या बोटीवर चढलाय," दोघे परतल्यावर ती म्हणाली. "दिवेलागणीला खबर धाडीन, ऐकत बसा, असा निरोप आहे."

त्याच आठवड्यात ठोके ऐकू आले. इंग्रजी अक्षरांतून येणारी मराठी, सावकाश, जराशी अडखळत. आबांनी हेडफोन कानांना दाबून धरला आणि एकेक शब्द मोठ्याने उच्चारला. त्या रात्री ते दोनदा भात मागून जेवले.

तारेची ही अक्षरे आबांनी दोन्ही मुलांना स्वयंपाकघरातच शिकवली होती, चमच्याने पितळी डबा ठोकत. आये चुलीपाशी भाकऱ्या थापत असे. जो चुके, त्याच्या पानात ती चटणी कमी वाढी.

"सदूचा हात बिघडला," आबा आता कौतुकाने कुरकुरत. "माझ्या हाताखाली असता तर कान पिळला असता. बोट हलत असेल म्हणा!"

लवूला मात्र आनंदात एक कोडे बोचत राहिले. मुंबईची बोलणी कण्हल्यासारखी येत, कोलंबो तर महत्प्रयासाने लागे. सदू मात्र दाराशी उभा असल्यासारखा स्पष्ट. काटा कुठेही फिरवा, तो तिथे असेच. बोट एडन सोडून रंगूनला निघाली, असे ठोक्यांनीच सांगितले. तरी आवाज तसूभरही ओसरला नाही.

"असं कसं होईल, आबा?"

"कसं म्हणजे? तार कुणी चढवली? माझ्या लेकाने!" आबा म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी लवूच्या कशाचे तरी कौतुक केले होते. लवूने ते कोडे मिटून ठेवले. ते उघडायचे धैर्य त्याला झाले नाही.

आये पडवीत कधीच ऐकायला आली नाही. दिवेलागणीला ती आगराच्या खालच्या अंगाला, गोठ्यात म्हशीपाशी असे. दूध घेऊन वर आली की लवू तिला सारे सांगे.

"आज विचारत होता, आबांच्या पायांची सूज उतरली का. त्याला गं कसं कळलं?"

"पोराला कळतं." तिने चरवी खाली ठेवली. "बाजूला हो. शेणात पाय पडेल."

पौषात पोफळीची सुपारी उतरवायला धोंडू पुन्हा आला. लवू दिवसभर रत्नागिरीत होता. परतला तेव्हा दिवे लागत होते आणि आबा हेडफोन चढवून बसलेच होते.

"बस, बस. सुरू झालंय," त्यांनी हाताने खुणावत सांगितले.

इतक्यात खळ्यातून धोंडूने हाक मारली. त्याच्या खांद्यावर सुपारीचे घड होते.

"लवूभाव, रागावू नका हां. तुमची तार सकाळीच सोडून ठेवलीय. या पोफळीवरनं त्या पोफळीवर झोका घ्येताना मानंत बसली आसती, तर माजा मुंडकाच खाली आला आसता! उद्या परत बांदतो."

"सोडलीस? म्हणजे दोन्ही टोकं?"

"दोन्ही. आनि ती शेपटीपन खिडकीतनं वडून घ्येतली. बगा की, सगळा येटोळा माडाच्या मुळाशी हाय."

लवूने पाहिले. वेटोळे तिथेच होते. माडाचा शेंडा मोकळा होता, आणि त्याच्यावर नुसते जांभळे आभाळ. पाठीमागे पडवीत आबा ठणठणीत आवाजात वाचत होते, "मी... इकडे... मजेत..."

त्याला काहीच उमगेना. तार नाही, तर हे येते कुठून? आबांना विचारावे, तर त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. असे काही झाले की तो लहानपणापासून एकाच माणसाकडे जाई. तो आगरातून खाली धावला.

"आये, अगं गंमत ऐक—"

गोठ्यात कंदील बारीक केलेला होता. म्हैस निवांत रवंथ करीत होती; तिची धार अजून काढलेली नव्हती. गव्हाणीआड, पेंढ्यात, आये त्याच्याकडे पाठ करून बसली होती. डाव्या हाताने तिने पदर तोंडात कोंबला होता. उजव्या हाताखाली सदूचे जुने, बिनतारी ठोके धाडायचे ठिणगीयंत्र होते, आणि तिचे बोट खाली गेले की पेंढ्यावर निळा उजेड पडत होता.

वरून आबांचा आवाज आला, "आयेला... सांगा... मी... सुखरूप..."

लवूच्या पायाखाली काडी मोडली. तिने वळून पाहिले. बोट तसेच अधांतरी राहिले.

"लवू!" आबा पडवीतून ओरडले. "लवू, लवकर ये रे! सदू मध्येच थांबला!"