लिलावातली जीप

उजाडता उजाडता धर्मराज अंगणात आला. जीपवरची ताडपत्री त्याने काढली आणि घडी घालून ओट्यावर ठेवली. ओल्या फडक्याने समोरची काच पुसली. मग बॉनेट उचलून तो बराच वेळ आत वाकला, आणि बॉनेट हलकेच खाली टेकवून रांजणापाशी जाऊन त्याने राखेने हात धुतले.

शिवकन्या चहा घेऊन आली.

"आबा, झाली का चालू?"

"न्हाई, माय."

तिने कप बापाच्या हातात दिला आणि ती गोठ्याकडे वळली. दिवाळीपासून ती रोज सकाळी एवढेच विचारत असे.

जीप दुसऱ्या महायुद्धातली होती. एकाहत्तरच्या लढाईनंतर धर्मराज फौजेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला आणि नगरच्या लष्करी लिलावात त्याने ती साडेतीन हजारांना घेतली. वडीगोद्रीहून अंबडला सवाऱ्या न्यायच्या, असा बेत होता. बोली सुटली तेव्हा शेजारचा एक भंगारवाला हसून म्हणाला होता, "फौजी, लेने में सस्ती है, बनाने में घर बिकेगा." तसेच झाले. गिअरबॉक्स औरंगाबादेत सापडला, टायर मुंबईहून आले, इंजिनाचे काम जालन्यात झाले. पेन्शनीच्या वेळी हातात आलेली सगळी रक्कम तिच्यात गेली. दिवाळीच्या तोंडावर ती अंबडपर्यंत जाऊनही आली. त्यानंतर मात्र तिने अंग टाकले.

"धर्मा, मिस्तऱ्याला सोता घेऊन आलो बघ," थोरला भाऊ सर्जेराव फाटकातूनच म्हणाला. "आज गाडी चालू झाल्याबिगर त्याला सोडणार न्हाई."

त्याच्या मागून रखमाजी मिस्त्री अवजारांची पेटी घेऊन आला, आणि मिस्त्रीच्या मागून धोतराचा सोगा सावरत भोकरदनचे तातेराव. शिवकन्येचे होणारे सासरे. दिवाळीत झालेल्या बोलणीत त्यांनी एकच अट घातली होती : चालू जीप द्या, मगच मांडव.

तातेरावांनी जीपभोवती एक फेरी मारली, मडगार्डवर बोटे वाजवली.

"कितीला पडली म्हणता?"

"साडेतीन हजार लिलावाचे. वर पाच हजार खर्चा," सर्जेरावच बोलला. "लोखंडाला पैसे चारून राह्यलाय आमचा फौजी."

"लेकाचं नशीब आमच्या! पहिलीच्या वक्ताला सायकल आल्ती. आता जीप."

दोघे हसले. पहिली सून दुसऱ्याच वर्षी चुलीपाशी भाजून गेली होती. बोलणीत तो विषय कोणी काढला नव्हता.

"आन् फौजी," तातेराव वळले, "उभी हयात गाडी हाकली, तरी घरची चालू होईना? काय शिकवलं मंग तिथं?"

"दोनच गोष्टी, पाव्हणं. गाडी कशी न्यायची, आन् कशी सोडून यायची."

"सोडून यायला बी शिकावं लागतं व्हय?" तातेरावांनी सर्जेरावाच्या पाठीवर थाप मारली.

रखमाजी बॉनेटखाली वाकला होता. "कमाल हाय या गाडीची. दर खेपेला नवीच बिमारी. मागं पेट्रोलच्या नळीत माती, आता वायर तुटलेली."

"उंदरं लई झालेत," धर्मराज म्हणाला.

"मग मांजर पाळा, मालक. माझ्या जालन्याच्या फेऱ्यांपेक्षा सस्तं पडंल."

सर्जेराव खाट ओढून जीपपाशीच बसून राहिला. रखमाजीने वायर बदलली, जुने तेल काढून नवे भरले, प्लग घासले. ऊन डोक्यावर आले तेव्हा इंजिन एकदा खोकले आणि धडधडू लागले. शिवकन्या दारात आली. या वेळी तिने काही विचारले नाही.

रखमाजीने इंजिन बंद केले.

"जेवणं झाली की घेऊनच जातो," तातेराव म्हणाले. "चालवायला गडी फाट्यावर बसवून आलोय."

ते हातपाय धुवायला गेले तेव्हा धर्मराज भावाजवळ आला.

"दादा, पोरीला एकदा इचारावं म्हणतो."

"काय इचारायचं तिला? तू फौजेत होता तवा तुझ्या वहिनीनं पदराखाली वाढवलं तिला. आमी वाईट करू का तिचं?" सर्जेरावाचा आवाज खाली आला. "शब्द मी दिलाय, धर्मा. सोयऱ्यांत माझी मान खाली घालू नको."

बायको गेल्यावर पोरीचे दुखणेखुपणे, शाळा, कपडालत्ता, सारे याच भावाने पाहिले होते. त्याच्यापुढे आपला आवाज कधी चढला नव्हता, आणि तो आताही चढणार नाही, हे धर्मराजला कळून चुकले.

"बराबर हाय," तो म्हणाला. "तुमी जेवायला बसा. लांब जायचंय गाडीला. इंजन जरा गरम करून ठेवतो."

आत पंगत बसली. मिस्त्रीलाही पान वाढले गेले. भाकरी वाढणाऱ्या शिवकन्येच्या बांगड्यांचा आवाज अंगणापर्यंत येत होता.

धर्मराज पाना आणि घमेले घेऊन जीपखाली सरकला. तळाचा बोल्ट सोडवताच नवे तेल मुकाट घमेल्यात उतरू लागले. शेवटचा थेंब पडेपर्यंत तो थांबला. मग त्याने बोल्ट पुन्हा घट्ट बसवला आणि घमेले उकिरड्यावर रिते करून वर राख लोटली. माघार घेताना मागे राहणारी गाडी फौजेत अशीच सोडत असत. तेलावाचून इंजिन थोडा वेळ जोरात धावते, मग आतल्या आत जाम होते, आणि त्यानंतर कोणताही मिस्त्री ते जिवंत करू शकत नाही. दिवाळीपासून त्याचे लहानसहान खोड्यांवर भागले होते.

तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला. जीप पहिल्याच झटक्याला सुरू झाली. त्याने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

"वा! काय आवाज हाय!" आतून तातेरावांनी दाद दिली.

धर्मराजने पाय उचलला नाही.