भिंतीवरून आलेला पाचोळा

घराची वाटणी झाल्यापासून थोरली जाऊ आपल्या बागेतल्या छाटलेल्या फांद्या, ओंडके, पाचोळा, सगळं भिंतीवरून धाकटीच्या अंगणात भिरकावायची. धाकटीही काही कमी नव्हती. ती भांडलीच नाही. फांद्यांची तिने कोपऱ्यात रास रचली, ओंडक्यांना भोकं पाडली, पाचोळा फुलझाडांच्या बुडाशी पसरला. वर्षभरात राशीत बुलबुलांनी बिऱ्हाड थाटलं, ओंडक्यांत भुंगे शिरले आणि अंगण फुलांनी नुसतं पेटलं.

थोरलीच्या चकचकीत बागेत मात्र चिटपाखरू फिरकेना. एका सकाळी ती भिंतीवरून कडाडली, "फांद्या माझ्या आहेत त्या! मुकाट्याने परत दे."

"न्या की, ताई," धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "फक्त आत बुलबुलीण अंड्यांवर बसलीय. आपली वाटणी झालीय, हे तिला तेवढं तुम्हीच सांगा."