वादळाची खोली

अमेरिकेत आख्खी घरं उचलून नेणारी टोर्नाडो वादळं पाहून आल्यापासून माझ्या नवऱ्याने, अंकितने, धसकाच घेतला होता. धरमपेठेतलं घर नव्याने बांधताना त्याने मधोमध एक बिनखिडकीची खोली काढली. काँक्रीटच्या भिंती, लोखंडी दार.

"आई, वादळ आलं की बाकी काही पाहू नको, सरळ या खोलीत शिर," त्याने सासूबाईंना बजावलं.

"मस्त आहे गा खोली. उंदीर पण येणार नाही," त्या म्हणाल्या.

मे महिन्यात एका दुपारी आभाळ काळवंडलं आणि शेजाऱ्यांचे पत्रे उडायला लागले. अंकित खोलीकडे पळाला, सासूबाई आणि मी गच्चीकडे. सगळं वाळवण खाली आणलं. खोलीत वर्षभराच्या गव्हाचे कट्टे आधीच रचलेले होते, त्यांच्यावर पापड आणि कुरडया पसरल्या. मग अंकितला बाहेर यावं लागलं, कारण तो उभा होता तिथे साबुदाण्याच्या चकल्या ठेवायच्या होत्या.

सासूबाईंनी लोखंडी दाराला बाहेरून कडी घातली आणि आमच्यासोबत जिन्याखाली येऊन बसल्या.


"येऊ दे आता त्या वादळाले. काही भेव नाही."