एच-ए-यू

कुलदीपशी रात्र-रात्र एसेमेस करण्यात पुण्याहून हैदराबादला आलेल्या नीलिमाची झोप उडालीच होती. काल तर डोळ्याला डोळा लागला नाही. धीर करून तिने इंग्रजी अक्षरांत विचारलं, “लग्न करशील माझ्याशी?” उत्तर आलं: एच-ए-यू. ‘हाऊ’ म्हणे! कसं करायचं, तेही हिनेच सांगायचं? सकाळी हिमायतनगरच्या हॉटेलात ती मोबाईल मुठीत आवळून त्याच्यासमोर बसली. पुण्याच्या स्थळाला होकार द्यायचा का, हे विचारायला आईचा फोन येणार होता आणि हा हैदराबादी गडी खुशाल हसत होता! “दो चाय?” वेटरने विचारलं. “हौ,” कुलदीप म्हणाला. “बिस्कुट?” “हौ.” नीलिमा चमकली. “हौ म्हणजे?” “हो! आमच्या घरी मराठीतही हौच म्हणतात. काल लिहिलं ना?” फोन वाजला. “कळवू त्यांना होकार?” आईने विचारलं. “नको आई,” कुलदीपकडे बघत नीलिमा म्हणाली, “माझं इथे हौ झालंय.”