माझं घर आत घ्या

बंब बाहेर उन्हात उभे करून अग्निशमन केंद्राच्या शेडमध्ये टेबल मांडलं होतं, आणि टेबलावर बायूकाठच्या, म्हणजे त्या संथ, दलदली ओढ्याच्या काठच्या पुराचा नवा नकाशा. निळ्या रेषेच्या आत ज्याचं घर, त्याला बँक पुराचा विमा काढायला लावणार. बाहेर असेल तो सुटला. हरकत असेल तर आज नोंदवायची होती. सकाळपासून टेबलामागे बसलेल्या सरकारी कारकून व्हर्नापुढे आलेल्या प्रत्येकाचं एकच रडगाणं होतं, आमचं घर बाहेर काढा. एकाने तर कोंबड्यांच्या खुराड्यासाठीही रदबदली करून पाहिली.

मग ऐंशी वर्षांच्या ओडीलबाई काठी टेकत पुढे आल्या.

"माझं घर आत घ्या," त्या म्हणाल्या.

व्हर्नाने पेन खाली ठेवलं. अकरा वर्षांच्या नोकरीत असं मागणारं कुणी भेटलं नव्हतं. "मावशी, तुमची आख्खी गल्ली या खेपेला बाहेर आलीय. नवे पंप बसलेत ना."

"पंपाला वीज लागते, बाई. वादळात आधी तीच जाते."

रांगेत त्यांच्या मागे शेजारचा आल्सिद उभा होता. साठीचा, कोळंबीच्या बोटीवर हाडं झिजवलेला. त्याचा पारा चढला. "मावशी, डोकं फिरलं का तुझं? तुझ्या एकटीच्या घरासाठी रेषा काय वळसा घेणार आहे? सगळी गल्ली आत जाईल! माझ्या घरावर अजून बँकेचं कर्ज आहे."

"ठाऊक आहे."

"आणि तू तर घर विकून लेकीकडे निघालीस. आत गेलं तर गिऱ्हाईक पळेल की. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"पळू दे. घर घेणाऱ्या त्या पोरीला सातवा महिना आहे. मी सांगितलं तिला, पुराचा विमा काढून ठेव. ती हसली. म्हणाली, बँक म्हणते गरज नाही. माझं म्हातारीचं कोण ऐकतं? बँक नकाशाचं ऐकते. म्हणून मी नकाशाला सांगायला आले."

रांगेतलं कुणीतरी हसलं, पण ते हसू पुढे पसरलं नाही.

व्हर्नाला ही बाई मनापासून आवडली. पण आवडण्यावर सरकारी कागद हलत नाही. "पुरावा लागेल, मावशी."

ओडीलबाईंनी पिशवीतून एक फोटो काढला. स्वयंपाकघराची भिंत, भिंतीत एक गंजका खिळा आणि शेजारी धरलेली मोजपट्टी. पाणी जिथवर चढलं तिथे खिळा ठोकायचा आणि त्याला कधी काही टांगायचं नाही, ही बायूकाठची जुनी रीत. "त्र्याऐंशी सालचं पाणी," त्या म्हणाल्या. "छातीएवढं."

व्हर्नाने आकडे लावून पाहिले. नकाशाने धरलेल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खिळा चांगलाच वर होता. तरी विचारायचं ते तिने विचारलं. "खिळा कुणीही ठोकेल, मावशी. पाणी तिथवर आलेलं पाहिलंय, असा घराबाहेरचा साक्षीदार हवा. त्याची सही लागेल. आहे कुणी?"

साक्षीदार कोण ते ओडीलबाईंना पुरतं ठाऊक होतं. पण ज्याचं नुकसान व्हायचं त्याचं नाव आपण कसं घ्यायचं? त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. फोटो उचलून त्या पिशवीत ठेवू लागल्या.

आल्सिदने एक सणसणीत शिवी हासडली. कुणाला, ते त्याचं त्यालाच माहीत.

"सरक, मावशी," तो म्हणाला आणि टेबलावरचं पेन त्याने उचललं.

"तुम्ही पाहिलं होतं पाणी?" व्हर्नाने विचारलं.

"पाहिलं होतं काय? तो खिळा मीच ठोकलाय," आल्सिद सही करता करता म्हणाला. "होडी हिच्या ताटांच्या कपाटाला बांधून."