सहा नग, दोन खोकी

"कोपर आवरा," उस्ताद म्हणाला. "तिसऱ्यांदा सांगतोय."

"तुम्ही आवरा," नवी म्हणाली. "टेबल काय घरून आणलंय?"

ती लिहीतच राहिली. तिचं कोपर पुन्हा त्याच्या उजव्या कोपराला लागलं आणि त्याच्या कागदावर भलताच फराटा उठला. उस्तादनं दात-ओठ खाल्ले. मुद्दाम करतेय, दुसरं काय! बारा वर्षांत या खोलीत त्याला कुणी असे धक्के मारले नव्हते.

गेमचे कंट्रोलर बाजारात जाण्याआधी या खोलीत यायचे. हातात किती आरामशीर बसतो, तासाभरानं अंगठा भरून येतो का, बटण जड आहे का, हे इथं ठरायचं. रंगरूपाला भुलून कुणी जास्त गुण देऊ नयेत म्हणून नग बंद खोक्यात असायचे. खोक्याला पुढून पडदा. त्यातून दोन्ही हात आत घालायचे, चाचपायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. खोकी भरून कुलूप लावायचं काम बाईंचं. बाई म्हणजे विभागप्रमुख. पूर्वी उस्तादला जोडीदार होता, तेव्हा दोन्ही खोक्यांत तेच सहा नग असायचे, त्याच क्रमानं. तो शिरस्ताच होता.

जोडीदार निवृत्त झाल्यावर सगळं एकट्या उस्तादवर चालायचं. सोमवारी बाईंनी या पोरीला आणून शेजारी बसवलं. "आठवडाभर ही इथं बसेल," एवढंच बोलून गेल्या.

"ती आली म्हणजे तुम्ही निघालात," पॅकिंगवाला म्हणाला होता. "नाहीतर इतकी वर्षं एकट्यावर भागवलं, आताच कशाला आणतील? शुक्रवारी एकाला नारळ."

एरवी उस्ताद हसला असता. पण दोन महिन्यांपासून त्याचा उजवा अंगठा बधिर होता. गरम कपाला टेकवला तरी कळत नव्हतं. आणि या खोलीत अंगठा गेला म्हणजे नोकरी गेली. दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं. त्यानं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

इतके दिवस अंदाजानं गुण देऊन भागलं; आता त्यावर त्यानं तोडगाही काढला. नवी चारच्या ठोक्याला कागद ट्रेमध्ये टाकून चहाला जायची. ती दारातून बाहेर पडली की उस्ताद तिचा कागद उचलायचा. तिनं नऊ दिले असले की हा साडेआठ लिहायचा. तिनं अडीच दिले की हा तीन. शेरे आपल्या भाषेत. काम फत्ते!

तिचा कागद वाचणं मात्र दिव्य होतं. प्रत्येक ओळीवर शाई फासलेली, जणू लिहितालिहिताच हात पुसलाय. तिच्या तळहाताची कडही निळीशार. कात्रीनं साधं पाकीट कापताना तिची तारांबळ उडायची. कपाचा कान भलतीकडे करून ठेवायची. अशी गबाळी पोरगी माझ्या जागेवर बसणार? उस्तादचं डोकं तडकायचं.

"घरी कुणी शिकवलं नाही वाटतं नीट लिहायला?" मंगळवारी त्यानं विचारलंच.

"शिकवलं. रोज मार देऊन शिकवलं," ती म्हणाली. "नाही बदलले मी."

"दिसतंय."

"दुसऱ्याच्या हाताकडे बघायची फार सवय आहे तुम्हाला."

उस्ताद चपापला, पण ती पुन्हा लिहू लागली.

बुधवारी घरी जेवताना बायको एकदम ओरडली, "अहो, अंगठ्याला काय झालं? केवढं कापलंय!"

त्यानं पाहिलं. अंगठ्याच्या पेरावर चांगलीच चीर होती, रक्त सुकलं होतं.

"लागलं असेल कुठंतरी."

"कुठं ते कळलं नाही? डॉक्टरकडे चला म्हणून किती दिवस डोकं फोडतेय मी!"

"शुक्रवार होऊ दे," तो खेकसला. "मग कुठं न्यायचं तिथं ने."

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोघांचे पाच-पाच कागद शेजारी शेजारी मांडले होते. नवी भिंतीशी हाताची घडी घालून उभी राहिली.

"पाचही दिवस तुमचे गुण जुळलेत, उस्ताद," बाई म्हणाल्या. "अर्ध्या गुणाचा काय तो फरक."

उस्तादचा जीव भांड्यात पडला. मोठेपणा दाखवायला आता हरकत नव्हती.

"हात बरा आहे पोरीचा," तो म्हणाला. "शिकेल. शेवटी बारा वर्षांच्या हाताशी जुळतंय म्हणजे काही खायचं काम नाही."

बाईंनी बुधवारचा कागद पुढं सरकवला. "तुमच्या खोक्यातल्या चार नंबरच्या नगाची कड फुटलेली निघाली. माझीच चूक, भरताना पाहिलं नाही. त्यावर रक्त होतं. तुम्ही लिहिलंय, 'अंगठ्याला लोण्यासारखा मऊ.' साडेआठ गुण."

उस्तादच्या कपाळावर घाम आला.

"मागाहून फुटला असेल," तो म्हणाला. मग त्याला आधार सापडला आणि आवाज चढला. "आणि चूक माझ्या एकट्याची कशी? हिनंही चार नंबरला नऊ दिलेत! विचारा ना हिला!"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हिला तुमच्या जागेवर आणायचं माझ्या स्वप्नातसुद्धा नव्हतं," त्या म्हणाल्या. "एका आठवड्यापुरतीच बोलावली होती. ही डावरी आहे, उस्ताद. हिच्या खोक्यात रोज फक्त डावऱ्यांसाठी बनवलेले नग होते. तुमच्या खोक्यात त्यातला एकही नव्हता."